हार्लेम येथील कोरी टेन बूम यांचे घर : एका संग्रहालयाविषयी अभिप्राय

नेदरलँड्समधील हार्लेम हे जुने शहर ॲमस्टरडॅमहून आगगाडीने पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. तेथील मुख्य चौकाजवळ बार्टेलयोरिसस्ट्राट नावाच्या गजबजलेल्या बाजाररस्त्यावर, १९ क्रमांकाच्या इमारतीत, टेन बूम या घड्याळजी कुटुंबाचे घर आहे. १९८८ पासून ते संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले आहे. दुसऱ्या महायुद्धात या घराने ज्यू लोकांना आणि भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा दिला आणि त्याची किंमत घरातील माणसांनी आपल्या प्राणांनी चुकवली. ख्रिस्ती विश्वासातून धैर्य मिळते असे आपण उपासनेत वारंवार ऐकतो आणि म्हणतोही, पण ते नेमके कोणाला, कोणत्या घडीला आणि कशा रूपाने मिळते, हे एका राहत्या घराच्या खोल्यांमधून पाहण्याची संधी येथे मिळते. म्हणूनच हा अभिप्राय सविस्तर लिहावासा वाटला.

आधी व्यवस्थेविषयी सांगतो. संग्रहालयात मोकळेपणाने फिरता येत नाही. मार्गदर्शकाबरोबर लहान गटानेच आत जावे लागते आणि संपूर्ण फेरीला साधारण एक तास लागतो. फेऱ्या डच आणि इंग्रजी भाषेत असतात. प्रवेशशुल्क नाही, ज्याला जे द्यावेसे वाटेल ते त्याने दानपेटीत टाकावे, अशी पद्धत आहे. जागा मर्यादित असल्यामुळे संकेतस्थळावरून आगाऊ नोंदणी करणे आवश्यक आहे, विशेषतः उन्हाळ्याच्या सुट्टीत. रविवारी आणि सोमवारी संग्रहालय बंद असते. रस्त्याच्या बाजूला दुकानाचा दर्शनी भाग आहे, तर संग्रहालयाचा दरवाजा शेजारच्या गल्लीत आहे. प्रथमच जाणाऱ्याने हे लक्षात ठेवले म्हणजे रस्त्यावर शोधत उभे राहावे लागत नाही. दोन जुन्या इमारती जोडून हे घर तयार झाले असल्यामुळे मजल्यांची पातळी जुळत नाही, जिने अरुंद आणि चढे आहेत, आणि ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांना वरचा मजला गाठणे जड जाईल. त्यांच्यासाठी संकेतस्थळावर घराची चित्रमय फेरी उपलब्ध आहे. पुण्यात किंवा जालन्यात बसूनही ती पाहता येते, आणि प्रत्यक्ष जाण्यापूर्वी ती पाहून ठेवली तर मार्गदर्शकाचे बोलणे अधिक समजते.

या घराचा इतिहास युद्धाच्या शंभर वर्षे आधी सुरू होतो. १८३७ मध्ये विलेम टेन बूम यांनी येथे घड्याळांचे दुकान काढले आणि १८४४ मध्ये याच घरात ज्यू लोकांसाठी साप्ताहिक प्रार्थना सुरू केली. युरोपातील ख्रिस्ती समाजात ज्यूद्वेष सर्रास होता, अशा काळात ‘देवाची निवडलेली प्रजा’ म्हणून त्यांच्यासाठी मनापासून प्रार्थना करणारे हे कुटुंब वेगळे होते. विलेम यांच्यानंतर त्यांचे पुत्र कॅस्पर यांनी दुकानही चालवले आणि प्रार्थनाही. कॅस्पर यांच्या मुलांपैकी बेट्सी आणि कोरी या दोघी अविवाहित बहिणी वडिलांसोबत राहिल्या. कोरी यांनी वडिलांच्या हाताखाली काम शिकून १९२२ मध्ये नेदरलँड्समधील पहिली परवानाधारक महिला घड्याळजी होण्याचा मान मिळवला. मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने देश व्यापला, तेव्हा कोरी अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांना शस्त्रांची किंवा राजकारणाची कसलीही पार्श्वभूमी नव्हती. मतिमंद मुलांसाठी त्या बायबलवर्ग चालवीत असत आणि दुकानात घड्याळे दुरुस्त करीत असत, एवढेच त्यांचे जग होते.

फेरीची सुरुवात बैठकीच्या खोलीत होते आणि मार्गदर्शक पाहुण्यांना तेथे शांतपणे बसवून बराच वेळ बोलतो. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटला, कारण नंतर वरच्या मजल्यावर जे घडले त्याची मुळे याच बैठकीत होती. कॅस्पर रोज सकाळी न्याहारीच्या वेळी आणि रात्री झोपण्यापूर्वी पवित्र शास्त्रातील एक अध्याय मोठ्याने वाचीत आणि घरातील सर्व जण, दुकानातील नोकरांसह, ते ऐकत. आपल्याकडील मराठी ख्रिस्ती घरांत संध्याकाळी दिवा लागल्यावर आजोबा चष्मा पुसून स्तोत्रसंहिता उघडतात, लेकरे पेंगत पेंगत ‘आमेन’ म्हणतात, तोच हा नेम. त्यात कोणाला शौर्य दिसत नाही. पण या घरात हा नेम दोन पिढ्या अखंड चालला आणि मग ज्या दिवशी दारात कोणी जीव मुठीत धरून उभे राहिले, त्या दिवशी आत घ्यावे की नाही यावर या माणसांना रात्रभर खल करावा लागला नाही. उत्तर आधीच त्यांच्या अंगवळणी पडले होते.

भयाविषयी कोरी यांनी लहानपणची एक आठवण सांगून ठेवली आहे आणि या घरात ती ऐकताना तिचा अर्थ अधिक खोलवर पोहोचतो. शेजारच्या एका घरी तान्हे बाळ गेले होते. आईबरोबर गेलेल्या छोट्या कोरीने त्या बाळाच्या थंड हाताला स्पर्श केला आणि त्या रात्री वडील पांघरूण घालायला आले तेव्हा ‘तुम्ही मरायचे नाही’ असे म्हणून ती हमसाहमशी रडू लागली. कॅस्पर दर आठवड्याला अचूक वेळ घेण्यासाठी आगगाडीने ॲमस्टरडॅमला जात आणि पुष्कळदा कोरीला सोबत नेत. त्यांनी तिला विचारले की मी तुझे तिकीट तुझ्या हातात कधी देतो? गाडीत चढण्याच्या जरासे आधी, असे तिने उत्तर दिले. तेव्हा ते म्हणाले की आपल्या स्वर्गीय पित्यालाही आपल्याला केव्हा काय लागणार हे ठाऊक असते. तू त्याच्यापुढे धावू नकोस, वेळ येईल तेव्हा लागणारे बळ तुला मिळेल. संकटाची नुसती कल्पना करून आज घाबरणाऱ्या माणसाकडे उद्याचे धैर्य नसते आणि ते नसणे म्हणजे विश्वासाचा अभाव नव्हे, हे इतक्या सोप्या शब्दांत मी अन्यत्र ऐकलेले नाही. रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या, नोकरीवर टांगती तलवार असलेल्या किंवा तपासणीच्या अहवालाची वाट पाहणाऱ्या कोणालाही ही आठवण जवळची वाटेल.

वरच्या मजल्यावर कोरी यांची झोपण्याची खोली आहे आणि लपण्याची जागा तेथेच आहे. भूमिगत चळवळीतील एका वास्तुविशारदाने खोलीच्या मागच्या बाजूला विटांची खोटी भिंत उभारली. दुकानात घड्याळे घेऊन येणाऱ्यांचे सोंग करून माणसांनी विटा थोड्याथोड्या आणल्या. भिंत अशी रंगवली की ती दीडशे वर्षांची वाटावी. भिंतीला लागून असलेल्या फडताळाच्या सर्वांत खालच्या फळीमागे एक सरकणारा पत्रा होता. त्यातून पोटावर सरपटत आत जायचे आणि पत्रा ओढून घ्यायचा. आता पाहुण्यांना दिसावे म्हणून भिंतीचा काही भाग फोडून मोकळा ठेवला आहे आणि इच्छा असेल तर फडताळातूनही आत जाता येते. मी वाकून त्या फळीखालून गेलो तेव्हा खांदे दोन्ही बाजूंना घासले. आतील जागेची खोली जेमतेम पाऊण मीटर आहे. उभे राहिले की पाठ एका भिंतीला आणि नाक जवळजवळ दुसऱ्या भिंतीला. विटांचा थंडावा सदऱ्यातून जाणवतो. येथे सहा माणसे कशी मावली असतील हा प्रश्न मनात येतो, आणि मार्गदर्शक सांगतो की त्यांचा सराव सुरू असे. घंटा वाजली की ताटे, अंथरुणे आणि सिगारेटची राखही मागे न ठेवता सर्वांनी आत जायचे, आणि हा वेळ त्यांनी शेवटी ७० सेकंदांपर्यंत आणला होता.

घराच्या खिडकीत ‘आल्पिना’ घड्याळांची त्रिकोणी पाटी असे. ती जागेवर असली की घर सुरक्षित, असा संकेत ठरलेला होता. लपलेल्यांसाठी शिधापत्रिकांची व्यवस्था झाली तीही कोरी यांच्या बायबलवर्गामुळे. वर्गातील एका मुलीचे वडील शिधावाटप कार्यालयात नोकरीला होते. कोरी त्यांच्याकडे पाच शिधापत्रिका मागण्याच्या विचाराने गेल्या होत्या, पण तोंडातून शंभर हा आकडा निघाला आणि त्यांनी तो मागे घेतला नाही. संग्रहालयाच्या अंदाजानुसार या कुटुंबाने आणि त्यांच्या साथीदारांनी मिळून सुमारे ८०० ज्यूंचे प्राण वाचवले.

२८ फेब्रुवारी १९४४ रोजी एका माणसाने मदत मागण्याच्या निमित्ताने येऊन खबर दिली आणि गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, घरावर धाड घातली. त्या वेळी कोरी फ्लूच्या तापाने अंथरुणावर होत्या आणि खाली त्यांचे भाऊ, पाळक विलेम, बायबलवर्ग घेत होते. दिवसभरात घरात येत गेलेले सुमारे तीस लोक अटकेत पडले. बेट्सीने संकेताची पाटी खिडकीतून खाली पाडली, तर शिपायांनी ती पुन्हा जागेवर लावून ठेवली. दोघी बहिणींना मारहाण झाली, भिंती ठोकून पाहिल्या गेल्या, पण खोट्या भिंतीमागील सहा जण, चार ज्यू आणि दोन भूमिगत कार्यकर्ते, सापडले नाहीत. पहाऱ्याखालच्या घरात पाण्याविना आणि जवळजवळ अन्नाविना ते ४७ तास निःशब्द राहिले आणि मग भूमिगत चळवळीशी जोडलेल्या पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. इकडे हार्लेमच्या पोलीसचौकीत, जमिनीवर बसलेल्या आपल्या मुलानातवंडांसमोर, चौऱ्याऐंशी वर्षांच्या कॅस्पर यांनी ११९ व्या स्तोत्रातील वचन तोंडपाठ म्हटले की परमेश्वर माझा आश्रय आणि माझी ढाल आहे. त्यांच्या हाताशी पवित्र शास्त्राची प्रत नव्हती आणि त्यांना तिची गरजही पडली नाही. पुढे एका अधिकाऱ्याला या म्हाताऱ्याची दया आली आणि पुन्हा गडबड करणार नाही असे वचन दिले तर घरी सोडतो, असे तो म्हणाला. कॅस्पर यांनी उत्तर दिले की आज मी घरी गेलो, तर उद्या जो कोणी गरजू दार ठोठावील त्याला मी पुन्हा दार उघडीन. ९ मार्च १९४४ रोजी, अटकेनंतर दहा दिवसांनी, कैदेत त्यांचा मृत्यू झाला.

संग्रहालय सत्याशी प्रामाणिक आहे की नाही, याची खरी कसोटी मी याच जागी धरली. संकटात वाचण्यासाठी आपण सर्वांत आधी ९१ वे स्तोत्र उघडतो; २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट असताना आमच्या मंडळीतील कितीतरी घरांत ते रोज वाचले जात होते, आणि तरीही काही घरांतून माणसे गेली. विश्वास ठेवला तर इजा होणार नाही, असा सोपा व्यवहार कोणी मांडू लागले की अशा घरांतील माणसांना दुःखावर आणखी एक ओझे वाहावे लागते. टेन बूम यांच्या घरात असा व्यवहार मांडला जात नाही. कॅस्पर गेले, बेट्सी १६ डिसेंबर १९४४ रोजी राव्हेन्सब्रुक येथील छळछावणीत वयाच्या ५९ व्या वर्षी गेल्या, भाचा क्रिस्टियान चोविसाव्या वर्षी परतला नाही, आणि पाळक विलेम तुरुंगात जडलेल्या मणक्याच्या क्षयाने १९४६ मध्ये गेले. लपलेल्या चार ज्यूंपैकीही तिघेच युद्धातून वाचले. मार्गदर्शक ही नावे आणि ही वये गाळत नाही, घाईने पुढेही जात नाही. धैर्य म्हणजे इजा टळण्याची हमी नव्हे. इजा होणारच असेल तरी योग्य ते करण्याचे आणि त्यात देवाचा हात न सोडण्याचे बळ, ही या घराची साक्ष आहे. ती चार थडग्यांवर उभी असल्यामुळे तिच्यावर माझा विश्वास बसतो.

कोरी यांना शेवेनिंगेनच्या तुरुंगात एकांत कोठडीत ठेवले होते. तेथे नोली या दुसऱ्या बहिणीकडून आलेल्या पत्रावरील टपाल तिकिटाखाली बारीक अक्षरांत लिहिलेले त्यांना सापडले की तुझ्या कपाटातील सर्व घड्याळे सुरक्षित आहेत. लपलेले सहाही जण निसटल्याचा हा निरोप होता, आणि तो वाचेपर्यंतच्या आठवड्यांत त्या माणसांचे काय झाले असेल या चिंतेने त्या झुरत होत्या. कोरी यांच्या धैर्यात चिंता, राग आणि रडणे यांना जागा होती, आणि हे लपवले गेलेले नाही, याचे मला विशेष वाटते. चौकशी करणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याने मतिमंद मुलांवर वेळ कशाला घालवायचा असे विचारले, तेव्हा देवाच्या दृष्टीने असे एखादे मूल घड्याळजीहून किंवा लेफ्टनंटहून अधिक मोलाचे असू शकते, असे त्या त्याला तोंडावर म्हणाल्या. पण याच कोरी काही महिन्यांनी छावणीत पिसवांना पाहून पार खचल्या होत्या.

तो पिसवांचा प्रसंग मराठी वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. राव्हेन्सब्रुकच्या अठ्ठावीस क्रमांकाच्या बराकीत दोघी बहिणींना नेले तेव्हा पेंढ्याच्या अंथरुणात पिसवा बुजबुजत होत्या. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, हे थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रातील वचन त्यांनी त्याच सकाळी वाचले होते, आणि बेट्सी म्हणाल्या की आपण पिसवांबद्दलही देवाचे आभार मानू. कोरी यांना ते मुळीच पटले नाही. नंतर त्यांच्या लक्षात आले की बराकीत रक्षक कधी पाऊल टाकत नाहीत, म्हणूनच चोरून आणलेल्या पवित्र शास्त्राच्या प्रतीवर तेथे उघडपणे प्रार्थना आणि वाचन करता येत होते, आणि रक्षक आत न येण्याचे कारण त्या पिसवाच होत्या. या घटनेतून प्रत्येक दुःखामागे एखादी सोय दडलेली असते, असा निष्कर्ष काढू नये असे मला वाटते. बेट्सी त्याच छावणीत उपासमारीने आणि आजाराने गेल्या. परंतु बेट्सी यांनी आभार मानले ते कारण कळल्यानंतर नव्हे, कारण कळण्याआधी, आणि त्यांच्या बहिणीला ते पटत नसतानाही त्या तिच्या शेजारी तशाच राहिल्या. माझ्या मते या संपूर्ण कहाणीत सर्वांत धैर्यवान व्यक्ती बेट्सी आहेत. घराला कोरी यांचे नाव असणे साहजिक आहे, कारण सांगायला त्याच परत आल्या. पण पाहुण्याने बेट्सी यांच्याविषयी आवर्जून प्रश्न विचारावेत.

डिसेंबर १९४४ च्या अखेरीस कोरी यांची सुटका झाली. ती कार्यालयीन चुकीमुळे झाल्याचे त्यांना पुढे कळले. १९४७ मध्ये म्युनिकच्या एका चर्चमध्ये क्षमेविषयी बोलून झाल्यावर राव्हेन्सब्रुकचा एक माजी रक्षक हात पुढे करून त्यांच्यासमोर उभा राहिला. त्यांचा हात उचलेना. त्यांनी मनात प्रार्थना केली की मला क्षमा करता येत नाही, तू तुझी क्षमा मला दे, आणि मग हात पुढे केला. वडिलांनी सांगितलेले तिकीट पुन्हा एकदा ऐन वेळेलाच हातात पडले, असे मला हा प्रसंग ऐकताना वाटले. १९६७ मध्ये ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा गौरव केला आणि १५ एप्रिल १९८३ रोजी, आपल्या एक्क्याण्णवाव्या वाढदिवशी, त्यांचे निधन झाले.

मार्गदर्शक स्वयंसेवक आहेत आणि ख्रिस्तावरील आपला विश्वास ते मोकळेपणाने बोलून दाखवतात. जे ख्रिस्ती नाहीत त्यांनी हे आधी जाणून जावे. कोणावर सक्ती होत नाही, पण येथे विश्वास बाजूला काढून केवळ इतिहास सांगितला जात नाही. आणि तसा सांगितला असता तर तो अर्धवट ठरला असता, कारण या माणसांना विचारले तर त्यांनी आपल्या कृतीचे दुसरे कारण दिलेच नसते. तासाभराच्या मर्यादेत नेदरलँड्समधील ज्यूंच्या संहाराचा, ज्यात तेथील सुमारे तीन चतुर्थांश ज्यू मारले गेले, पूर्ण परिचय होणे शक्य नाही. त्यासाठी ॲमस्टरडॅममधील संग्रहालये वेगळा दिवस काढून पाहावीत आणि शक्यतो आधी पाहावीत, म्हणजे हार्लेमच्या या एका घराने कशाच्या विरोधात दार उघडे ठेवले ते नीट समजेल.

ॲमस्टलफेनच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे मायदेशाहून आईवडील आले की त्यांना ट्यूलिपची बाग आणि पवनचक्क्या दाखवल्या जातात. त्या यादीत हे घर घालावे अशी माझी शिफारस आहे. दहा वर्षांच्या पुढील मुलांना न्यावे, कारण मारहाणीचे आणि छावणीचे वर्णन टाळलेले नसते. इंग्रजी भराभर समजत नसलेल्या आजीआजोबांसाठी घरातील कोणी तरी आदल्या रात्री मराठीत सर्व कहाणी सांगून ठेवावी आणि स्तोत्रसंहितेतील ९१ वा अध्याय आणि ११९ व्या अध्यायातील ते वचन एकत्र वाचावे. जिन्याचा त्रास असेल तर दुपारऐवजी सकाळची पहिली फेरी घ्यावी, थकवा कमी येतो. नोंदणीचा ईमेल भ्रमणध्वनीवर उघडून ठेवावा, वेळेच्या दहा मिनिटे आधी गल्लीतील दरवाजापाशी पोहोचावे आणि दानपेटीसाठी थोडे सुटे युरो जवळ ठेवावेत.